पाचवी खाच

आमच्या घरात गिटार कुणालाच वाजवता येत नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी विचारायला नको. पन्नास वर्षं आम्ही गिटारचे सुटे भाग विकतोय. तारा, तारा ताणायच्या चाव्या, बटणं, बारीक स्क्रू, आणि गिटारच्या मानेवर चिकटवतात ती काळी लाकडी पट्टी. गिऱ्हाईक विचारतं, "ताई, ही तार लावली तर आवाज कसा येईल?" मी म्हणते, "ते तुमच्या बोटांना विचारा, मी फक्त तार विकते." बाबांना माझं हे बोलणं आवडत नाही. बाबांना माझं काहीच आवडत नाही, पण तेवीस वर्षं काउंटरवर मीच बसते, तेव्हा सांगतात कुणाला?

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, दोन्ही भिंतींना छतापर्यंत लाकडी खण, आणि मागे पडद्याआड कारखाना. कारखाना म्हणजे काय, एक टेबल, लाकूड आवळून धरायचे दोन शेगडे, एक खिडकी आणि ढीगभर भुसा. तिथे बाबा पट्ट्या कापायचे आणि मधली काही वर्षं दादा कापायचा. दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. मला तो 'ठिणगी' म्हणतो. का म्हणतो ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

दादा डावखुरा. जेवायचा तेवढं उजव्या हाताने, बाकी सगळं डाव्याने. लहानपणी माझी शाळेची पट्टी मोडली तर त्याने लाकडाची नवी करून दिली, तिच्यावर मिलिमीटरच्या रेघासुद्धा सुरीने कोरल्या, आणि त्या इतक्या नेमक्या होत्या की बाईंनी वर्गात फिरवून दाखवली. सतराव्या वर्षी तो कारखान्यात बसला. त्याच्या करवतीचा आवाज मी पडद्याअलीकडून ओळखायची. बाबांची करवत चिडल्यासारखी चालायची, दादाची एका लयीत.

आता कामाचं थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या काळ्या पट्टीत बावीस चिरा पाडायच्या असतात. चिरांमध्ये धातूच्या तारा ठोकतात, त्यांना फ्रेट म्हणतात. प्रत्येक चिरेची जागा ठरलेली. एक जरी सरकली तरी तिथे बोट ठेवलं की सूर बिघडतो. म्हणून आमच्याकडे एक पितळी माप आहे, हातभर लांब, एका कडेला बावीस खाचा. लाकडी पट्टी या मापावर चिकटवायची आणि करवतीच्या पेटीत सरकवायची. पेटीत एक खिळी आहे, ती मापाच्या खाचेत अडकली की पट्टी जागेवर बसली. करवत चालवायची, चीर पडली की पुढची खाच. उजव्या हाताने करवत धरणारा डाव्या हाताने पट्टी दाबून धरतो, डावखुऱ्याचं सगळं उलट. बस, एवढंच. बाबा म्हणायचे, "यात डोकं लागत नाही, हात लागतो."

दादा पंचवीस वर्षांचा होता तेव्हा एका सकाळी गिटारवाले आले. गिटारवाले म्हणजे आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, स्वतःचा कारखाना असलेले, बोलायला गोड आणि बघायला कडक. त्यांनी काखेतून बारा पट्ट्या काउंटरवर टाकल्या आणि एक तयार गिटार छातीशी धरली. तार छेडत छेडत वर गेले. "इथपर्यंत ठीक आहे ना? आता पाचवा फ्रेट ऐका." मला तर काही कळलं नाही. बाबांनाही कळलं नसावं, पण त्यांचा चेहरा उतरला. गिटारवाल्यांनी पोलादी फूटपट्टी लावून दाखवलं. पाचवी चीर दीड मिलिमीटर पुढे. तांदळाच्या दाण्याची जाडी असते ना, तेवढी.

बाबांनी कोरी पट्टी घेतली, माप चिकटवलं, आणि गिटारवाल्यांच्या डोळ्यांदेखत बावीस चिरा पाडल्या. फूटपट्टी लावली. सगळ्या बरोबर, पाचवीसुद्धा. मग ते दादाकडे वळले.

"माप तेच, पेटी तीच, करवत तीच. माझ्या हातून बरोबर येतं, तुझ्या हातून चुकतं. मग चूक कुणाची?"

दादाचे कान लाल झाले होते. तो आपल्या डाव्या हाताकडे बघत होता, जणू तो हात शेजाऱ्याचा होता आणि चुकून त्याच्या खांद्याला लागला होता. आणि मी काय केलं म्हणता? मी वीस वर्षांची शहाणी, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाले, "डाव्या हाताचं काम, ते डावंच होणार." गिटारवाले हसले. त्यांना हसवल्याचा मला आनंद झाला, हेही कबूल करते.

त्या दिवसापासून बाबांनी हुकूम काढला, दुकानात डावा हात करवतीला लावायचा नाही. दादाने वाद घातला नाही. त्याने स्वतःच एप्रनच्या बंदाने डावं मनगट कमरेला बांधलं आणि उजव्या हाताने करवत धरली. पट्टी दाबायला हात उरला नाही म्हणून ती शेगड्यात कसायची. सहा महिने तो असा झगडत होता. करवत उडायची, चिरा तिरक्या व्हायच्या, चांगलं लाकूड टाकाऊत जायचं. बाबा पडद्याच्या आत स्टुलावर बसून बघायचे. ओरडायचे नाहीत, नुसते बघायचे. मला वाटायचं, किती धीराचा माणूस आहे हा.

मग एक दिवस दादाने एप्रनची घडी घातली, टेबलावर ठेवली आणि पुढच्या दाराने निघून गेला. जाताना मला म्हणाला, "ठिणगे, करवतीला तेल दे आठवड्याला, गंजते." बाबांनी हाक मारली नाही.

पण गिटारवाले पुढच्या खेपेला आले तेव्हा बाबा म्हणाले, "पोराला काढून टाकलं. सुरापुढे पोरगा नाही." वाक्य ऐकलंत? सुरापुढे पोरगा नाही! गिटारवाल्यांनी हात जोडले आणि ही गोष्ट चार गावांत पसरवली. लोक लांबून यायला लागले, खराब फ्रेटपायी पोटच्या पोराला बाहेर काढणारा माणूस बघायला. बाबांनी त्या बारा पट्ट्या सुतळीने बांधल्या आणि काउंटरमागच्या भिंतीवर टांगल्या, अगदी माझ्या डोक्यावर. कुणी विचारलं की सांगायचं, "या माझ्या मुलाच्या. एक चीर चुकली होती." बाबांना बोलायचा कंटाळा आला की मी सांगायची, शंभर वेळा सांगितलं असेल. सांगताना माझी मान ताठ व्हायची.

दादा दोन रस्ते पलीकडे एका तसबिरींच्या चौकटी करणाऱ्याकडे लागला, आणि मालक म्हातारा झाल्यावर ते दुकान त्याने चालवायला घेतलं. तिथे लाकूड कापायचं यंत्र पायाने दाबायचं असतं. पाय दाबला की दोन पाती खाली येतात आणि कोपरा बरोबर कापला जातो. मी एकदा म्हटलं, "अरे, करवतीने कापलेल्या कोपऱ्याची मजाच वेगळी, तुला तर येतं." तो म्हणाला, "हे बरं आहे. यात हाताचा संबंध येत नाही."

त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. मी जायची अधूनमधून, बाबा कधीच नाही. पोरगी तीन वर्षांची असताना मी गेले, तर तिच्या डाव्या हातावर मोजा चढवलेला, मनगटापाशी दोऱ्याने बांधलेला. ती उजव्या हातात खडू धरून पाटीवर काहीतरी खरडत होती आणि नाक ओढत होती. दादा, ज्याने जन्मात कुणावर आवाज चढवला नाही, तो तिच्यासमोर उकिडवा बसून सांगत होता, "या हाताने, बाळा. त्या हाताला काही जमत नाही. मला माहितीये ना." वहिनी स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. आणि मी, आत्याबाई, म्हणाले, "बरं करतोयस. आत्ताच सवय लागलेली बरी." देवाने मला जीभ दिली तेव्हा अक्कल संपली असावी.

आता यंदाची गोष्ट. बाबा थकले, एक्क्याऐंशीचे झाले, मागच्या खोलीत आरामखुर्चीत असतात. पट्ट्या मीच कापते. उजव्या हाताने, बऱ्या येतात. पितळी माप झिजलं म्हणून पोलादाचं नवं करून घ्यावं, असं मनात आलं आणि मी ते लेथवाल्याकडे घेऊन गेले. त्याने भिंग लावून एकेक खाच तपासली आणि माप माझ्यापुढे सरकवलं.

"ही पाचवी खाच भरलेली आहे, ताई. नक्कल कुठली करू, जुनीची की नवीची?"

"भरलेली म्हणजे?"

"कुणीतरी ती एका बाजूने कानस मारून मोठी केली होती. नंतर धातूचा डाग देऊन ती बाजू भरली आणि परत मापात आणली. वरून घासून गुळगुळीत केलंय, पण उलट्या बाजूने बघा. एवढा तुकडा रंगाने वेगळा दिसतो की नाही?"

दिसत होता. पितळेत एक फिकट ठिपका, दीड मिलिमीटर रुंद.

मी घरी आले. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला म्हटलं उद्या या. दुकानाचं दार लावलं, स्टुलावर चढले आणि बारा पट्ट्यांची मोळी खाली काढली. तेवीस वर्षांची धूळ. फूटपट्टी घेऊन पहिली मोजली. पाचवी चीर दीड मिलिमीटर पुढे. दुसरी मोजली. दीड. तिसरी, चौथी, दीड. बाराच्या बारा पट्ट्यांवर पाचवी चीर दीड मिलिमीटर पुढे, ना केसभर जास्त ना केसभर कमी.

अहो, हात चुकतो तो असा चुकतो का? हात आज इकडे चुकेल, उद्या तिकडे चुकेल, एकदा पाचवीत, एकदा नववीत. बारा वेळा एकाच जागी, तेवढंच चुकायला किती पक्का हात लागतो! दादाचा हात मापाने सांगितलं तिथेच गेला होता. माप खोटं बोलत होतं. आणि हा पुरावा माझ्या डोक्यावर टांगलेला, मी त्याच्याखाली बसून जेवलेय, झोपलेय, लोकांना बोट करून दाखवलाय. काखेत कळसा म्हणतात तो असा. गिटारवाल्यांनी पाहिलं नाही, बाबांनी पाहिलं नाही, मी पाहिलं नाही, आणि दादाला बिचाऱ्याला मान वर करून बघायची सोयच ठेवली नव्हती आम्ही.

बाबांच्या हातून का बरोबर आलं, तेही मग कळलं. खाच रुंद झाली की खिळी तिच्यात सैल बसते. उजव्या हाताचा माणूस पट्टी एका बाजूला रेटतो, तिथे खाचेची कड मूळची होती, बरोबर होती. डावखुरा दुसऱ्या बाजूला रेटतो, तिथे कानस लागली होती. म्हणजे खाच बिघडवणाराला ती कधी नडलीच नसती, नडली ती दादाला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मोळी घेऊन मी मागच्या खोलीत गेले आणि बाबांच्या मांडीवर टाकली. माप त्यांच्या हातात दिलं, उलट्या बाजूने.

"हे कुणी भरलं?"

बाबांनी माप हातात फिरवलं. डोळे गेलेत त्यांचे निम्मे, पण अंगठा बरोबर पाचव्या खाचेवर गेला. म्हणाले, "खिळी अडकत होती तिच्यात. म्हणून त्याच महिन्यात थोडी कानस मारली होती मी."

"ते कळलं. परत भरली कधी?"

बाबांनी माप उलटं करून मांडीवर ठेवलं. मी हलले नाही.

"गिटारवाले आले होते ना," ते म्हणाले, "ते गेल्यावर मला कानशीचं आठवलं. त्याच आठवड्यात भरली."

त्याच आठवड्यात. म्हणजे दादा मनगट कमरेला बांधून सहा महिने करवतीशी झगडत होता, तेव्हा माप दुरुस्त झालेलं होतं. त्या सहा महिन्यांत त्याने एकदा, एकदाच, डाव्या हाताने पट्टी कापली असती तर ती बरोबर आली असती. पण तो आज्ञाधारक. बाबांनी नको म्हटलं म्हणून त्याने डावा हात लावला नाही. आणि बाबा स्टुलावर बसून बघत होते.

"अहो, मग गपचूप म्हणायचं होतं ना, लाव बाबा डावा हात, जाऊ दे झालं ते! कुणाला कळलं असतं?"

"त्याला कळलं असतं," बाबा म्हणाले. "त्याच हाताने एकदम बरोबर यायला लागलं असतं. त्याने माप उलटून बघितलं असतं. हुशार होता तो."

"मग कळू द्यायचं होतं! पोटचा पोरगा तुमचा!"

"पोरापुढे मान खाली घालू?" त्यांचा आवाज चढला, एक्क्याऐंशीव्या वर्षी. "नंतर तर लोक पाया पडायला लागले. या दुकानाचं नाव त्या पट्ट्यांवर उभं आहे. तूही खाल्लंस त्यावर. सांगायचंच असेल तर माझ्यामागे सांग."

"मागे कशाला, तुमच्या पुढ्यातच चाललेय," मी म्हटलं आणि मोळी उचलली. दारातून वळून पाहिलं तर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. मला दया आली नाही. यायला हवी होती, असं मला अजूनही वाटत नाही.

दादा यंत्रापाशी होता. भर दुपार, गिऱ्हाईक नव्हतं. कोपऱ्यातल्या टेबलाशी पोरगी, आता वीस वर्षांची, चौकटींवर चिकटवायच्या चिठ्ठ्या लिहीत होती. अक्षर तिचं पहिल्यापासून वाईट, उजव्या हाताची बोटं पेनावर अशी आवळते की नखं पांढरी पडतात. मला बघून म्हणाली, "आत्या, लाकडं आणलीस? सरपणाला?"

मी दादापुढे मोळी ठेवली. त्याने ती ओळखली. तोंडावरचा रंग गेला.

"हे कशाला आणलंस, ठिणगे?"

मी फूटपट्टी दिली आणि म्हटलं, "मोज." त्याला मोजायचं नव्हतं. मी म्हटलं, "तुला माझी शपथ आहे, मोज." त्याने एक मोजली, दुसरी मोजली. तिसरीनंतर त्याने फूटपट्टी खाली ठेवली आणि बाराही पट्ट्या टेबलावर एकीला एक लावून आडव्या मांडल्या. बारा चिरा एका ओळीत आल्या, सरळ, दोरी ताणल्यासारख्या.

"बारा एकसारख्या," तो म्हणाला.

"हो."

"हात असा चुकत नाही."

"नाही चुकत, दादा."

मग मी माप दिलं. समजावून सांगायची वेळ आली नाही. त्याने एक पट्टी मापावर ठेवली, उजव्या हाताने दाबली, डावा हात हवेत करवत धरल्यासारखा उचलला, आणि तसाच थांबला. तेवीस वर्षांनी तो हात त्या जागी आला होता. त्याने माप उलटलं, फिकट ठिपका पाहिला.

"बाबांना कधी कळलं?"

खोटं बोलावंसं वाटलं. परवाच कळलं म्हणावं, म्हातारा रडला म्हणावं. पण या घरात खोटं पुष्कळ झालं होतं. "त्याच आठवड्यात," मी म्हटलं. "तू हात बांधलास, तेव्हाच."

मला वाटलं ओरडेल, काहीतरी फोडेल. फोडावं असं मला फार वाटत होतं, मी हातात उचलूनही दिलं असतं. पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. तो कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघत होता, आवळलेल्या बोटांकडे.

तो तिच्यापाशी गेला. म्हणाला, "पेन डाव्या हातात घे बघू."

"आता?" ती हसली. "काय झालं काय तुम्हाला?"

"घे. तुझं नाव लिही."

तिने पेन डाव्या हातात घेतलं. ते नीट धरता येईना, दोनदा निसटलं. मग जीभ दातात धरून तिने चिठ्ठीवर नाव लिहिलं. अक्षरं पहिलीतल्या पोराची असतात तशी वाकडी, एक लहान एक मोठं, शेवटचं तर कागदाबाहेर गेलं. तिने चिठ्ठी उचलून बापाला दाखवली, अगदी खेळीमेळीने.

"बघा बाबा, तुम्ही म्हणत होता तेच खरं. या हाताला काही जमत नाही."

दादाने चिठ्ठी घेतली. त्याने ती त्या बारा सरळ चिरांच्या शेजारी नेऊन ठेवली.